काँग्रेस गवत, शेवंती आणि आण्णांचे हात: ॲलर्जीची दोनशे वर्षं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण त्यात गड नाहीत, लढाया नाहीत, तहनामे नाहीत. आज विषय आहे शिंक, खाज आणि अंगावर उठणाऱ्या गांधी. म्हणजे ॲलर्जी. मी डॉक्टर नाही, दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. त्यामुळे इथे ऐकाल ते इतिहास म्हणून ऐका, प्रिस्क्रिप्शन म्हणून नको. हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो, कारण तो माझ्या घरातून आलाय.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो तर आमच्या आण्णांच्या पापण्या सुजलेल्या, मान काळवंडलेली आणि दोन्ही कोपरांच्या खळगीतली चामडी जाड, भेगाळलेली. आमचं गाव नगर जिल्ह्यात. तीन एकर रान. कांदा, बाजरी आणि दसरा-दिवाळीचा बाजार धरून अर्धा एकर शेवंती. आण्णा म्हणाले, "उष्णता झालीय, जाईल." आई म्हणाली, "रात्रभर खाजवतात, झोप नाही."

मग सुरू झाली आपल्याकडे सगळ्यांच्या घरी होते ती यात्रा. कोणी म्हणालं रक्त खराब झालंय, कोणी खरूज म्हणालं, कोणी वांगं आणि मिरची बंद करा म्हणालं. मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चट्टे गेले. आण्णा तिला "जादूची ट्यूब" म्हणायचे. ट्यूब थांबली की चट्टे दुपटीनं परत. असं सहा वर्षं चाललं. या सहा वर्षांत अजून एक गोष्ट झाली, जी आण्णांनी मला खूप उशिरा सांगितली. स्टँडवरच्या टपरीत सगळ्यांना काचेचे ग्लास असायचे आणि त्यांना कागदी कप मिळायला लागला. कोणी तोंडानं काही बोललं नाही. फक्त कप बदलला.

तर आजचा प्रश्न असा, की गवताच्या एका काडीनं किंवा फुलाच्या धुळीनं एका माणसाचं शरीर असं पेटून का उठतं? शेजारच्या रानातल्या माणसाला काहीच होत नाही, मग ह्यालाच का? हा प्रश्न माणसांना सुटायला जवळपास दोनशे वर्षं लागली, आणि अजून पूर्ण सुटलेला नाही.

वावडं, गांधी आणि बिब्बा

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. 'ॲलर्जी' हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून मराठीत 'वावडं' आहे. "त्याला अंड्याचं वावडं आहे" म्हटलं की घरातल्या आजीला सगळं कळतं. अंगावर लालसर, खाजऱ्या उंचवटे उठले की आपण म्हणतो "पित्त उठलं" किंवा "गांधी उठल्या", आणि आमसुलाचं पाणी चोळतो. आणि तिसरा शब्द म्हणजे 'उतणे'. "बिब्बा उतला" असं आपण म्हणतो. बिब्ब्याचा चीक लागला की लगेच काही कळत नाही, पण एक-दोन दिवसांनी तिथे फोड येतात, कातडी सोलते.

आता गंमत बघा. लोकांनी नकळत दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द दिले होते. गांधी मिनिटांत उठतात आणि काही तासांत विरतात. बिब्बा उतायला दिवस लागतात आणि आठवडे पुरतो. बिब्ब्याचा चीक मुळातच दाहक आहे, पण अनेकांना त्याची खरी ॲलर्जीही होते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर विचित्र पुरळ उठायला लागलं. कारण निघालं धोब्याची खूण! कपडे ओळखण्यासाठी धोबी बिब्ब्याच्या काळ्या रसानं कॉलरवर खूण करायचे, आणि बरोबर त्या खुणेखाली पुरळ. आंबासुद्धा बिब्ब्याच्याच कुळातला आहे. आंब्याच्या चिकानं ओठांभोवती फोड येतात, ते कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

हा 'मिनिटांत' आणि 'दिवसांत' असा फरक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

स्वतःलाच पेशंट करणारा डॉक्टर

१६ मार्च १८१९. लंडनमध्ये डॉक्टरांच्या एका सभेत जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं एक केस वाचून दाखवली. पेशंटचं नाव 'जे. बी.', वय ४६. आठव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात, जूनच्या सुमारास, डोळे लाल होतात, सपासप शिंका येतात, छाती भरून येते. हा जे. बी. म्हणजे खुद्द जॉन बोस्टॉक. रक्त काढून घेणं, अफू, पारा, गार पाण्याच्या अंघोळी, त्या काळचे सगळे उपाय त्यानं स्वतःवर करून बघितले. उपयोग शून्य.

पुढे १८२८ मध्ये त्यानं अशाच २८ रुग्णांची माहिती मांडली. म्हणजे नऊ वर्षांत फक्त २८! आज कुठल्याही ऑफिसच्या एका मजल्यावर एवढे शिंकणारे सापडतील. लोक तेव्हा म्हणायला लागले होते की हा आजार वाळलेल्या गवताच्या वासानं होतो, म्हणून नाव पडलं 'हे फीवर'. बोस्टॉकला ते पटलं नाही. त्याच्या मते दोष उन्हाळ्यातल्या उष्णतेचा. आमचे आण्णा म्हणाले ना, "उष्णता झालीय"? दोनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा डॉक्टरही तेच म्हणत होता. मला हे वाचून जरा बरं वाटलं.

पतंग उडवणारा माणूस

उष्णतेचा मुद्दा खोडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं. हाही स्वतः शिंकणारा. वाळलेल्या गवताचा गुच्छ हलवला की आपल्याला शिंका येतात, आणि तेही भर उन्हाळा नसताना, हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं गवताचे परागकण गोळा केले, नाकात घातले, डोळ्यात घातले. हाताची कातडी जराशी खरवडून त्यावर पराग चोळले, तर तिथे टरारून गांधी उठली. आज डॉक्टर हातावर थेंब टाकून सुई टोचतात ना, त्या तपासणीची ही पणजी.

ब्लॅकलीनं अजून एक भारी काम केलं. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या त्यानं पतंगाला बांधल्या आणि शेकडो फूट वर सोडल्या. खाली उतरवून दुर्बिणीखाली... सॉरी, सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तर वरच्या हवेतही पराग. म्हणजे शेत जवळ नसलं तरी शहरातला माणूस शिंकू शकतो. १८७३ मध्ये त्याचं पुस्तक आलं.

त्यात त्याचं एक निरीक्षण आहे. परागांशी सगळ्यात जास्त संबंध शेतकऱ्यांचा, पण हे फीवर होतो मात्र शिकल्या-सवरलेल्या, शहरी, सुखवस्तू लोकांना. शेतकऱ्याला क्वचितच. त्याला शंका आली की सतत संपर्कात राहिल्यानं शेतकऱ्याचं शरीर सरावत असावं. ही शंका शंभरेक वर्षं पडून राहिली. आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

संरक्षणाच्या उलट

इथपर्यंत 'कशामुळे' हे कळलं, पण 'का' हे नाही. पराग म्हणजे काही विष नाही. मग?

उत्तराचा धागा सापडला समुद्रावर. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनाकोच्या राजाच्या जहाजावर एका विषारी सागरी जिवाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी सी ॲनिमोनच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. लस देतात तसा विचार होता: आधी थोडं विष द्यायचं, मग शरीर सरावेल. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याला पहिला डोस दिला, काही झालं नाही. २२ दिवसांनी तेवढाच लहान डोस परत दिला, आणि तो २५ मिनिटांत मेला.

सरावायच्या ऐवजी शरीर उलट जास्त चिडलं होतं. संरक्षणाच्या उलट, म्हणून त्यांनी १९०२ मध्ये याला नाव दिलं 'ॲनाफिलॅक्सिस'. १९१३ चं नोबेल रिशेला याच कामासाठी मिळालं.

त्याच सुमारास व्हिएन्नात क्लेमेन्स फॉन पिर्के हा लहान मुलांचा डॉक्टर घटसर्पाच्या पोरांवर उपचार करत होता. घटसर्पाचं औषध म्हणजे घोड्याच्या रक्तापासून केलेला सीरम. काही मुलांना पहिल्या इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. पण तेच इंजेक्शन दुसऱ्यांदा दिलं की त्रास फार लवकर सुरू व्हायचा. पिर्केच्या डोक्यात प्रकाश पडला. आजार सीरममुळे होत नव्हता, सीरमला शरीरानं दिलेल्या उत्तरामुळे होत होता! पहिल्या भेटीत शरीर 'शिकतं', आणि दुसऱ्या भेटीत शिकलेलं दाखवतं. या बदललेल्या प्रतिसादाला त्यानं १९०६ मध्ये ग्रीक शब्दांवरून नवं नाव दिलं: ॲलर्जी.

मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. त्याआधी आजार म्हणजे बाहेरून आलेला शत्रू. पिर्के म्हणाला, कधीकधी पहारेकरीच चुकतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल चांगला आहे, पण त्यानं साध्या पाहुण्याला चोर म्हणून नोंदवून ठेवलंय. आणि ती नोंद पुसायची सोय नाही.

दोन पहारेकरी

आता 'मिनिटांत' आणि 'दिवसांत' आठवा.

मिनिटांतल्या ॲलर्जीचा गुन्हेगार शोधताना १९२१ मध्ये कार्ल प्राउसनित्स या डॉक्टरनं कमाल केली. त्याचा सहकारी हाइन्झ क्युस्टनर याला माशाचं वावडं होतं. प्राउसनित्सनं क्युस्टनरच्या रक्तातला सीरम स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि ज्याला मासे बिनधास्त पचायचे त्या प्राउसनित्सच्या पोटावर गांधी उठली. म्हणजे वावडं रक्तातून दुसऱ्याला देता येत होतं! रक्तात 'काहीतरी' होतं. ते 'काहीतरी' नेमकं काय, हे कळायला १९६६ उजाडलं. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्यानं अमेरिकेत, आणि जवळपास त्याच वेळी स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिश यांनी ती अँटिबॉडी शोधली. १९६८ मध्ये तिचं नाव ठरलं आयजीई. रक्ताच्या रिपोर्टवर 'आयजीई वाढलंय' असं येतं ती हीच बाई. ही पेशींना चिकटून बसते, ओळखीचा पराग आला की पेशी हिस्टामिन सोडतात, आणि नाक वाहायला लागतं.

दिवसांतल्या ॲलर्जीची वाट वेगळी. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञानं पाऱ्याचं औषध पेशंटच्या कातडीवर पट्टीखाली लावून ठेवलं आणि पुरळ उठतं का ते बघितलं. ही पॅच टेस्टची सुरुवात. आणि १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी गिनीपिगवर दाखवून दिलं की ही ॲलर्जी सीरममधून नाही, पांढऱ्या पेशींमधून पुढे जाते. हे दुसरे पहारेकरी हळू आहेत. यायला एक-दोन दिवस लावतात, पण एकदा आले की लवकर हटत नाहीत. बिब्बा यांच्याच खात्यात येतो. आणि आण्णाही.

पुण्यातलं पांढरं फूल

आता आपल्या मातीत येऊ. १९५० च्या दशकाच्या मध्यात पुण्यात रस्त्याकडेला, उकिरड्यांवर एक नवं झुडूप दिसायला लागलं. पानं गाजरासारखी, फुलं बारीक पांढरी. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याची भारतासाठी नवी वनस्पती म्हणून नोंद केली. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळ अमेरिका खंडातलं. आपण म्हणतो गाजर गवत किंवा काँग्रेस गवत.

"हे अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून आलं" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मीही कॉलेजात छातीठोकपणे सांगायचो. पण तारखा बघा. भारताचा पीएल-४८० चा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. गवत पुण्यात त्याआधीच दिसलेलं. अमेरिकन धान्य १९५१ पासून वेगळ्या मदतीतून येत होतं, त्यामुळे धान्याला पूर्ण निर्दोष सोडता येत नाही. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची विल्यम रॉक्सबर्गनं केलेली यादी १८१४ मध्ये छापली गेली, आणि तिच्यात हे नाव आहे! म्हणजे झाड देशात निदान एकशे चाळीस वर्षं आधी पोचलेलं असू शकतं, आणि त्याचा उद्रेक मात्र स्वातंत्र्यानंतरचा. सोपी गोष्ट आणि खरी गोष्ट यात हा असा फरक असतो.

एका झाडाला २५ हजारांपर्यंत बिया येऊ शकतात. त्यामुळे ते पसरलं ते पसरलंच. आणि त्याच्या मागोमाग त्वचारोगतज्ज्ञांकडे एक नवा पेशंट यायला लागला. बहुतेक उघड्यावर काम करणारे पुरुष. पापण्या, मान, गळ्याचा उघडा भाग आणि कोपरांच्या खळग्या. १९७४ मध्ये डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या दोन परदेशी तज्ज्ञांसोबत या गवतानं होणाऱ्या त्वचादाहावर लेख लिहिला, आणि पुण्याचा हा आजार जगाच्या वैद्यकीय नकाशावर आला.

गवतावरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. गवत वाळलं की ती लव आणि चुरा वाऱ्यावर उडतो. त्यामुळे "मी तर हातच लावला नाही" या म्हणण्याला अर्थ नाही. बांधावरून चालत जाणं पुरेसं आहे.

कागदी कप

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी आण्णांच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. दोन दिवस अंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढून बघितलं, चौथ्या दिवशी परत बघितलं. काँग्रेस गवताच्या जागी लालभडक, फोड आलेला गोल. डॉक्टरांनी विचारलं, "फुलं लावता का?" शेवंती सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. शेवंती, सूर्यफूल आणि काँग्रेस गवत एकाच कुळातले. एकाशी भांडण झालेलं शरीर बऱ्याचदा दुसऱ्यालाही ओळखतं. दर वर्षी दसऱ्याला आण्णांचा त्रास का वाढायचा ते तेव्हा कळलं. ज्या पिकानं माझी कॉलेजची फी भरली, तेच पीक त्यांच्या अंगावर उठत होतं.

आणि जादूची ट्यूब? स्टेरॉइडचं मलम १९५२ मध्ये पहिल्यांदा त्वचेवर यशस्वी ठरलं आणि त्वचारोगशास्त्रच बदललं. औषध वाईट नाही. पण ते आग विझवतं, काडी लावणारा हात थांबवत नाही. कारण न शोधता वर्षानुवर्षं चोळलं की कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात. आण्णांच्या मानेवर ते आजही दिसतं. आमची सहा वर्षं गेली ती अशी. दोष कुणा एकाचा नाही. आम्हीही "कारण काय?" असं विचारलं नाही, "ट्यूब कुठली?" एवढंच विचारत राहिलो.

परत येताना बसमध्ये आण्णांनी मला कागदी कपाची गोष्ट सांगितली. मग म्हणाले, "मग हे लागट नाही ना?" मी म्हणालो, "नाही आण्णा, अजिबात नाही." त्यावर ते खिडकीबाहेर बघत बसले. फोड आलेल्या पाठीपेक्षा त्यांना ह्या एका वाक्याचा आराम जास्त पडला असावा.

मग शेतकऱ्याला होत नाही, हे खोटं?

ब्लॅकलीची शंका आठवते? शेतकऱ्याला हे फीवर क्वचित होतो. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. घरात जितकी भावंडं जास्त, विशेषतः मोठी, तितका हे फीवर कमी. त्यांचा अंदाज असा, की लहानपणी भावंडांकडून येणारे जंतूसंसर्ग प्रतिकारशक्तीला शिकवत असावेत. पुढे जर्मनी एक झाल्यावर एरिका फॉन म्युटियुस यांनी पूर्व आणि पश्चिमेकडची मुलं तपासली. अपेक्षा होती की धुरानं भरलेल्या पूर्वेत ॲलर्जी जास्त असेल. निघालं उलटंच. नंतरच्या अभ्यासांत गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांमध्ये हे फीवर आणि दमा कमी दिसला.

याचा अर्थ "पोरांना घाणीत सोडा" असा नाही. हात धुणं आणि स्वच्छ पाणी यांनी जेवढे जीव वाचलेत त्याला तोड नाही. अर्थ एवढाच, की पहारेकऱ्याचं शिक्षण लहानपणी होतं आणि त्याला विविध जंतूंची ओळख लागते. शिवाय हे सगळं 'मिनिटांतल्या' पहारेकऱ्याबद्दल आहे. 'दिवसांतला' पहारेकरी वेगळा. त्याच्या बाबतीत वर्षानुवर्षांचा संपर्क सराव देतोच असं नाही, उलट एखाद्या दिवशी तो अचानक चिडतो. आण्णांनी चाळिशीपर्यंत तेच गवत हातानं उपटलं होतं. म्हणून "एवढी वर्षं काही झालं नाही, आता कसं होईल?" हा युक्तिवाद इथे चालत नाही.

शिकवण्याची अजून एक गोष्ट. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला दिला की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. आणि २०१५ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवरचा प्रयोग छापला. अर्ध्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, अर्ध्यांना टाळायला सांगितलं. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांपैकी फक्त ३.२ टक्क्यांना. सगळ्यांनी चांगल्या हेतूनं दिलेला सल्ला बरोबर उलटा होता. (ही बाळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. आधीच ॲलर्जी असलेल्यावर घरी असले प्रयोग करू नका. आणि लहान बाळाला अख्खा दाणा कधीच देऊ नका, घशात अडकतो.)

उपाय, आणि चुकीच्या तर्कातून निघालेला बरोबर उपाय

इतिहासात उपाय तीन वाटांनी आले.

पहिली वाट टाळण्याची. बोस्टॉकनंही उन्हाळ्यात समुद्रकाठी जाऊन राहणं करून बघितलं होतं, तिथे त्याला बरं वाटायचं.

दुसरी, आग विझवण्याची. दानिएल बोवे यांच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये पहिली अँटिहिस्टामिन आली. आपल्याकडे सर्दीची गोळी खाऊन झोप येते ती या जुन्या पिढीचीच कृपा. नव्या गोळ्यांनी झोप कमी येते. पण 'दिवसांतल्या' ॲलर्जीत हिस्टामिनचा वाटा कमी, त्यामुळे आण्णांना या गोळ्यांचा फारसा उपयोग नव्हता.

तिसरी वाट पहारेकऱ्याला परत शिकवण्याची. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लेनर्ड नून यांनी परागांचा अर्क अगदी थोड्या प्रमाणात टोचून हळूहळू डोस वाढवला. त्यांना वाटत होतं परागात विष आहे आणि आपण त्यावर लस देतोय. तर्क चुकीचा, उपाय बरोबर! ते लवकर क्षयानं गेले, त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेलं, आणि आजची इम्युनोथेरपी तिथूनच आलीय.

आता आमच्या घरी काय केलं ते सांगतो, कारण बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलंय.

शेवंती बंद केली. ते सोपं नव्हतं. दोन महिने आण्णा माझ्याशी नीट बोलले नाहीत. त्या अर्ध्या एकरात आता कांदाच वाढवलाय. बांधावरचं काँग्रेस गवत फुलोरा यायच्या आधी, पावसाळ्यात जमीन ओली असताना उपटून घेतो, आणि ते काम आण्णा करत नाहीत. उपटणारा माणूस हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं बांधून करतो. बांधावर तरोटा वाढू दिलाय, तो या गवताला दाबतो. शिवाय १९८३ मध्ये मेक्सिकोहून आणलेला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूजवळ सोडलेला मेक्सिकन भुंगा आता आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतो. तो हे गवत खातो. त्याला औषध मारू नका. रानातून आल्यावर आण्णा आधी अंघोळ करतात आणि कामाचे कपडे वेगळे धुतले जातात. औषधांत डॉक्टरांनी काही महिने ॲझाथायोप्रिन दिलं, पण त्यात रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात. ते स्वतःच्या मनानं घ्यायचं औषध नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर मिनिटांत घसा आवळल्यासारखा झाला, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ते पित्त नाही. नेपच्यूनला झालं होतं तेच आहे. आमसूल, गोळी, "थोडं थांबून बघू" यात वेळ घालवू नका. त्याचं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीत, आणि ते लवकरात लवकर मिळायला हवं. थेट दवाखाना गाठा.

आण्णा पूर्ण बरे झालेत का? नाही. पहारेकऱ्याची नोंद पुसली जात नाही, हे मघाशी म्हणालोच. उन्हाळ्यात, वारं सुटलं की पापण्या अजून सुजतात. पण ते रात्री झोपतात.

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा आम्ही दोघं स्टँडवरच्या त्या टपरीत गेलो. मी मुद्दाम मोठ्यांदा म्हणालो, "आण्णांना गवताची ॲलर्जी आहे, कोणाला लागत नाही." टपरीवाला जरा ओशाळला. मग त्यानं आमच्यासमोर दोन काचेचे ग्लास ठेवले. आण्णा काही बोलले नाहीत. चहा संपल्यावर म्हणाले, "साखर जास्त झाली होती."

तर मंडळी, आज इथेच थांबू. तुमच्या घरी कोणाला वर्षानुवर्षं एकच ट्यूब चालू असेल, तर त्यांना हा भाग पाठवा आणि त्यांच्यासोबत एकदा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!